गव्हाण एक, पोटं सहा

या वेळचं पत्र राजापूर तालुक्यातल्या एका दादाचं आहे. मुंबईची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी गावी आलाय, कर्ज काढून गोठा केलाय. पत्र चार पानी आहे, त्यातलं कामाचं तेवढं देतो.

"माझ्याकडे चार जर्सी क्रॉस, एक एचएफ (होल्स्टीन) क्रॉस पहिलारू (पहिल्या वेताची) आणि घरची जुनी गावठी गाय आहे. मोबाईलवर व्हिडिओ बघून मुक्त संचार गोठा (गुरं न बांधता मोकळी ठेवायची) केला, १२ फुटांची एकच गव्हाण आहे. सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ ला पेंढा टाकतो आणि त्याच्यावर गोळी पेंड, गिरणीचा कोंडा आणि थोडी तांदळाची कणी ओततो, गुरामागे ३ किलो एका वेळी, कुठे कमी करत नाही. नेपियर (हिरवं गवत) असला तर दुपारी. जर्सी सरासरी ८ लिटर देतात, गावठी २. पण फेब्रुवारीपासून दूध सेंटरवर फॅट ४.१ टक्क्यांवरून ३.३ वर आली, दर कापतात, रतीबाच्या काकू म्हणतात साय धरत नाही. दोन गाईंचं शेण पातळ आहे. पहिलारू ९ लिटरवरून ६ वर आली आणि तिची हाडं दिसायला लागलीत. औषधवाला म्हणतो पोटातले चांगले जंतू मेलेत, प्रोबायोटिक पावडर महिनाभर द्या. आई म्हणते गुरं बांधून घाल. काय करू? आणि काजूच्या बोंडांचा ढीग पडलाय, ती घालू का?"

दादा, पावडर आत्ता घेऊ नका. कधी घ्यायची ते पुढे सांगतो, बोंडांचंही सांगतो. आधी एक साधा प्रश्न, शेवटची धार कोण पितं? म्हणजे पान्हा सोडवायला वासरू लावलं, मग दूध काढलं, मग उरलेलं पुन्हा वासराला सोडलं, असं चालतं का? कारण सुरुवातीच्या धारेत फॅट सगळ्यात कमी असते आणि शेवटच्या धारांत सगळ्यात जास्त, तिप्पट-चौपट पण निघते. फेब्रुवारीत धार काढायला कोणी नवीन माणूस ठेवला असेल आणि तो घाईत कास अर्धवट रिकामी करून उठत असेल, किंवा वासरं आता मोठी होऊन शेवटचं सगळं ओढत असतील, तर तुमची साय वासराच्या पोटात जातेय आणि आपण उगाच गाईच्या पोटाची चर्चा करतोय. दोन दिवस नीट पूर्ण धार काढून बघा, फुकटात कळेल. तरी पातळ शेण आणि वाळत चाललेली पहिलारू एकाच पत्रात वाचली म्हणून माझा संशय गव्हाणीवरच आहे.

मी डॉक्टर नाही हे आधी सांगून टाकतो. गुरांच्या दवाखान्यात ३० वर्षं नोकरी केली, डॉक्टरांची बॅग धरून वाड्या-वाड्या हिंडलो, आता घरी दोन गाई आहेत आणि त्यांनी मला दवाखान्यापेक्षा जास्त शिकवलंय. आणि तुमच्यासारखी पत्रं मला वर्षातून पाच-सहा तरी येतात, प्रत्येकात असंच, माल चांगला आहे, पैसे भरपूर घातलेत, मग चुकलं कुठे.

तर पोटाचं आधी. गाईच्या स्वतःच्या अंगात पेंढा पचवायचं काही साधन नाहीच, ते काम जंतू करतात. तिच्या पोटाचे चार कप्पे, त्यातला पहिला सगळ्यात मोठा, डॉक्टर लोक त्याला रुमेन म्हणतात, मोठ्या गाईत शंभर लिटरच्या वर माल मावतो, म्हणजे अंगणातलं अर्धं पिंप. त्या पिंपात उबदार अंधारात एवढे जंतू असतात की चमचाभर पाण्यात अब्जावारी सापडतील. हे पेंढा आंबवतात, आंबवताना जी आम्लं सुटतात ती गाय रक्तात ओढून घेते आणि तिच्या अंगातली साधारण ७० टक्के ताकद त्यातून येते. आणि मग हेच जंतू वाहत वाहत पुढच्या कप्प्यात जातात आणि गाय त्यांनाच पचवते, तिच्या प्रोटीनचा मोठा वाटा तोच. म्हणजे आपण आंबोळीचं पीठ आंबवून खातो तसंच, फरक एवढाच की हिचं पीठ कधी संपत नाही, वरून भर पडत राहते, खालून जात राहतं आणि भांडं कधी घासायचं नाही.

आता आंबोळीचं पीठ वैशाखात चार तासांत फसफसून बाहेर येतं आणि पावसाळ्यात सकाळपर्यंत हलत नाही, हे आईला विचारा. गाईच्या पोटात पण सगळे जंतू एका चालीचे नसतात. पेंढा, गवत, काड्या खाणारे हळू काम करतात आणि त्यांना आंबटपणा फार सोसत नाही. कणी, पीठ, गोळी खाणारे भराभर काम करतात आणि भराभर आम्ल सोडतात. पोटातला पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका खाली तितकं जास्त आंबट) ६ च्या वर असला की हळूवाले मजेत असतात. तुम्ही एका दमात पीठाचा मोठा घास दिलात की दोन-चार तासांत पीएच खाली घसरतो, ५.८ च्या खाली जाऊन तिथे तासन् तास राहिला तर काड्या खाणारे हात जोडून बसतात. आणि साय येते ती मुख्यतः त्यांच्याच जिवावर, कारण काड्या आंबवताना जे आम्ल जास्त निघतं, आपल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच, त्यापासून कास फॅट बनवते. वर आणखी एक गोष्ट होते, पोट आंबट झालं की जंतू खाण्यातल्या तेलाचं रूपांतर वेगळ्या वाटेने करतात आणि त्यातून अशी चरबी तयार होते की ती कासेपर्यंत पोचून फॅट बनवायचं कामच मंद करते. दूध तेवढंच, कधी थोडं वाढलेलं पण, आणि फॅट खाली. तुमच्या सेंटरवरच्या पावतीवर अगदी हेच दिसतंय.

यावर गाईकडे स्वतःचा इलाज असतो, लाळ. लाळेत खायचा सोडा असतो, अगदी आपल्या भज्यातला, आणि चांगली दुभती मोठी गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते. पण ही लाळ सुटते चावताना आणि रवंथ करताना. काड्या लांब असल्या की चावावं लागतं, गोळी पेंड जिभेवर आली की गेली. म्हणून जे खाणं सगळ्यात जास्त आम्ल करतं त्याच खाण्याबरोबर सगळ्यात कमी सोडा पोटात जातो, हे देवाने जरा उलटंच केलंय.

आता तुमच्या गव्हाणीकडे येऊ. उद्या संध्याकाळी खाणं घातल्यावर लगेच मोबाईल घेऊन घरात जाऊ नका, गव्हाणीच्या समोर पालथ्या बादलीवर बसा, तासभर. काय दिसेल ते मी इथे बसून सांगतो. गाय पेंढ्याला तोंड लावतच नाही. ती नाकाने पेंढा बाजूला ढकलते, मधोमध भोक करते, आणि तळाशी घरंगळलेली गोळी आणि कोंडा जिभेने गोळा करते, मधे मान झटकून काड्या उडवते. वीस मिनिटांत वरचा सगळा माल साफ आणि मागे राहतो तो लाळ लागलेला, नाक लागलेला ओला पेंढा. तुम्ही कागदावर पेंढा आणि पेंड एकत्र घातलीय, गाईने नुसती पेंड खाल्लीय. आणि हे ती रोज करते, कारण ती काही बावळट नाही, पोरं भेळेतली शेव आधी वेचून खातात तसंच आहे.

आणि हे वेचून खाणारी गाय कोण ते पण बघा. माझी पैज आहे, तुमची गावठी. शिंगं आहेत ना? घरातली जुनी आहे ना? मग गोठ्याची मालकीण तीच, एचएफ तिच्या दीडपट असली तरी. ती मधे उभी राहते, बाजूला नुसती मान वळवली की जर्सी दोन पावलं मागे, आणि पहिलारू तर नवीन सून, ती गव्हाणीपर्यंत येतच नाही, लांब उभी राहून बघत बसते. सगळ्या हटल्या की ती येते आणि तिच्या वाट्याला तो ओला पेंढा. भाताच्या पेंढ्यात प्रोटीन जेमतेम ३-४ टक्के, वर सिलिका म्हणजे वाळूचाच अंश, नुसत्या त्याच्यावर पोटातले जंतूच उपाशी राहतात, दूध कुठून येणार. म्हणजे एकाच गव्हाणीत दोन उलटे आजार चालू आहेत, पुढच्या दोघी-तिघी जास्त पेंडीने आंबलेल्या आणि मागची उपाशी, आणि सेंटरवर सहाही जणींचं दूध एकाच कॅनमधे गेल्यामुळे तुम्हाला कळतंच नाही कोणाचं काय. आईचं बांधून घाल म्हणणं जुनाट वाटलं असेल तुम्हाला, पण तिने हे डोळ्यांनी बघितलेलं दिसतंय.

म्हणून पहिलं काम, एक दिवस प्रत्येक गाईचं दूध वेगळ्या बाटलीत घेऊन सेंटरवर फॅट काढून आणा. सेंटरवाला कुरकुर करेल, त्याला चहा पाजा. पूर्ण धार काढून, ढवळून मग बाटली भरायची, नाहीतर आकडा फसवा येईल. माझा अंदाज, ज्यांचं शेण पातळ आहे त्या दोघींची फॅट ३ च्या आसपास असेल आणि पहिलारूची त्यांच्यापेक्षा बरी, फक्त दूधच कमी. असं आलं तर गोष्ट पक्की.

दुसरं, शेण बघा. मूठभर पातळ शेण जुन्या चाळणीत घ्या आणि वरून पाणी सोडा (घरातली चांगली चाळण उचललीत तर आईची बोलणी मी ऐकणार नाही). चाळणीत कणीचे अख्खे दाणे, न चावलेल्या लांब काड्या, शेंबडासारखे पातळ पापुद्रे राहिले, किंवा शेणातच बुडबुडे दिसले तर वरच्या पिंपात काम नीट झालेलं नाही आणि न पचलेलं पीठ खाली आतड्यात जाऊन तिथे आंबतंय.

तिसरं, दुपारी गाई बसलेल्या असतात तेव्हा मोजा, निवांत बसलेल्यांतल्या निम्म्या तरी रवंथ करत असायला हव्यात. एकीचं तोंड बघा, गोळा वर आला की गिळेपर्यंत किती वेळा चावते. ५० ते ६० आलं तर ठीक. ३५-४० ला गिळत असेल तर पोटात चावण्यासारखं काही नाहीये. चांगली गाय दिवसाचे ७-८ तास रवंथ करते, म्हणजे नोकरदार माणसाची एक शिफ्ट झाली.

हिशोब पण एकदा करून बघू. साधा नियम असा आहे की गाईला अंगासाठी किलो-दीड किलो आणि वर दर अडीच लिटर दुधाला १ किलो पेंड. तुमच्या चार जर्सींना ८ लिटर धरले तर प्रत्येकी साधारण पावणेपाच किलो, झाले १९ किलो. पहिलारूला ९ लिटरचं धरून ५ किलो, सध्या ६ देत असली तरी. गावठीला पावणेदोन-दोन किलो पुष्कळ झाले. बेरीज २६ च्या आत. तुम्ही घालताय ३६. रोजचे १० किलो जास्तीचे, आणि त्यातले बरेचसे जाताहेत २ लिटरवाल्या मालकिणीच्या पोटात. औषधवाल्याला विचारू नका हे, पेंडवाल्याला तर अजिबातच नको.

करायचं काय ते आता सांगतो, पण एका दिवसात सगळं करू नका. जंतूंची वस्ती बदलायला दोन-तीन आठवडे लागतात, रात्रीत पेंड अर्धी केलीत किंवा नवीन काही भरमसाट घातलंत तर नवीनच दुखणं. गावठीची पेंड मात्र आजपासून कमी केली तरी चालेल, तिचं तोंड चार दिवस वाकडं होईल तेवढंच.

आधी नुसता चारा. सकाळी उठल्याउठल्या पेंढा-नेपियर कापून मिसळून घाला, अर्धा-पाऊण तास चावू दे, पोटात काड्यांची गादी आणि लाळ जाऊ दे, मग धारेच्या वेळी पेंड. उपाशी पोटी पेंडीवर तुटून पडलेली गाय आणि उपाशी पोटी लग्नाच्या पंगतीत बसलेला माणूस, दोघांची रात्र सारखीच जाते. पेंडीचे दोनाचे चार भाग करा, पहाटे, ११ च्या सुमाराला, संध्याकाळी, आणि रात्री जेवण झाल्यावर थोडी. एका वेळी दोन किलोच्या वर कोणालाच नको. गाय आपणहून सोडली तर दिवसात दहा-बारा वेळा थोडं थोडं खाते, आपणच तिला दोन जेवणांवर आणलंय, आपल्या सोयीने.

आणि पेंड ओतायची नाही, मिसळायची. पेंढा कुट्टीत इंच-दीड इंच कापा, त्यापेक्षा बारीक भुगा नको नाहीतर रवंथच राहणार नाही, त्यावर थोडं पाणी शिंपडा आणि कोंडा हाताने चोळून घ्या, म्हणजे तो काडीला चिकटतो आणि वेचता येत नाही. आपल्या आज्या अंबोण कालवायच्या ते उगाच नाही. फक्त इथल्या दमट हवेत भिजवलेलं उरलं तर संध्याकाळी आंबूस वास येतो, तेव्हा एका वेळेपुरतंच भिजवा आणि गव्हाणीचा कोपरा रोज खरवडून काढा.

कोंड्याचं जरा सांगतो कारण याकडे कोणी बघत नाही. आपल्या गावच्या गिरणीतला ताजा कोंडा म्हणजे तेल न काढलेला कोंडा, त्यात १५ टक्क्यांच्या आसपास तेल असतं. थोडा असला तर उत्तम, भरपूर झाला की ते तेल काड्या खाणाऱ्या जंतूंवर बसतं आणि फॅट पडते ती वेगळीच. शिवाय हा कोंडा लवकर खवट होतो, मे महिन्यात पोत्यात हात घातला की गरम लागतो आणि जुन्या खोबरेलासारखा वास मारतो, मग गाई कधी खातात कधी नाही, आणि आपण म्हणतो गाय नखरे करते. तुमच्याकडे कोंडा आणि कणी दोन्ही आहे, म्हणजे तेल पण आणि पीठ पण. कणी तर मी सध्या बंदच करेन, आठवड्याभरात हळूहळू.

बांधण्याचं असं करा. दिवसभर मोकळी राहू देत, मुक्त गोठा वाईट नाही, गाय १०-१२ तास निवांत बसली तर रवंथ चांगला होतो. पण खाण्याच्या तासाला दाव्याने बांधा, ज्याचं त्याच्यासमोर. गावठीला एका टोकाला. सहा गुरांना १२ फूट म्हणजे डोक्यामागे दोनच फूट आले, शिंगवाली असेल तर ते फक्त कागदावर. एक प्लास्टिकचं पिंप उभं चिरून दोन टोपल्या करा, त्या लांबच्या कोपऱ्यात ठेवा आणि तिथे पहिलारूला एखाद्या शांत जर्सीसोबत खायला घाला. तिला एकटीला वेगळी बांधू नका, एकटी गाय नीट खात नाही, सारखी मान वर करून दुसऱ्यांना शोधते. तिच्या ताटात नेपियर आणि असेल तर कुळथाचं-वालाचं भुसकट जास्त घाला, त्यात पेंढ्यापेक्षा प्रोटीन बरं असतं. पण तिची पेंड मात्र सावकाश वाढवा, रोज पाव किलोच्या वर नाही, इतके दिवस काड्यांवर जगलेलं पोट आहे, त्याला एकदम ५ किलो झेपणार नाही. धार काढल्यावर लगेच ताजा चारा समोर ठेवायचा, सगळ्यांनाच. भूक त्या वेळेला चांगली असते आणि गाय अर्धा तास उभी राहते तेवढ्यात सडांची तोंडं मिटतात, लगेच शेणात बसली की कासेच्या दुखण्याला आमंत्रण.

तुम्ही फेब्रुवारीपासून म्हणालात, त्यात उन्हाचा पण हात आहे. आपल्याकडे पारा फार चढत नाही पण घामट हवा असते, गाईला अंगातली गरमी टाकता येत नाही. मग ती दिवसा खात नाही, धापा टाकते, तोंडातून लाळ गळत राहते म्हणजे तो सोडा पोटात जायच्या ऐवजी जमिनीवर, रवंथ कमी, आणि संध्याकाळी जरा वारा सुटला की दिवसाची भूक एकदम काढते, नेमकं तेव्हाच तुम्ही ६ वाजता ३ किलो ओतता. म्हणून मे महिन्यात निम्म्याच्या वर चारा रात्री. रात्री ९-१० ला गव्हाण भरलेली असली पाहिजे आणि झोपायच्या आधी एकदा फावड्याने चारा पुढे सरकवायचा, तेवढ्या आवाजाने पण दोघी-तिघी उठून खायला येतात. पाणी कायम समोर. विहिरीने तळ गाठला म्हणून दोनदाच पाणी दाखवणारे लोक मला माहीत आहेत, पाणी कमी पडलं की गाय आधी चारा सोडते. मिठाचा दगड बांधून ठेवा.

जूनचं आत्ताच डोक्यात ठेवा. मृगाचा पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत डोंगर हिरवा होतो आणि आपण गुरं सोडतो, कोवळं गवत म्हणजे नुसतं पाणी, शेण पुन्हा पातळ, फॅट पुन्हा खाली आणि पुन्हा औषधवाला. सोडायच्या आधी सकाळी पेंढा खाऊ घालायचा आणि चरायचे तास दोन आठवड्यांत हळूहळू वाढवायचे. उडवीतला थोडा सुका चारा त्यासाठी राखून ठेवा, सगळा मे मधेच संपवू नका.

आता पावडर. प्रोबायोटिक म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा यीस्ट असतं, पावात घालतात त्याच जातीचं. ते अगदीच थोतांड नाही, पोटात शिरलेला थोडाफार ऑक्सिजन ते वापरून टाकतं, काड्या खाणाऱ्यांना आणि आम्ल खाऊन टाकणाऱ्या जंतूंना जरा हात देतं. पण फायदा थोडा, कुठे दिसतो कुठे नाही. आणि जंतू मेलेत म्हणून नवीन घाला, हे तर इतकं सोपं नाहीच. अमेरिकेत २०१० मधे एक प्रयोग छापून आला होता, त्यात गाईंच्या पोटातला जवळजवळ सगळा माल काढून एकमेकींत बदलला. पोटाचा आंबटपणा एका दिवसात ज्या त्या गाईच्या मूळच्या आकड्यावर परत आला आणि जंतूंची वस्ती पण पुढे काही आठवड्यांत बऱ्याच अंशी ज्याच्या त्याच्या जुन्या वळणावर गेली. जिथे अख्खं पोट बदलून ती वस्ती टिकली नाही, तिथे दिवसाला चमचाभर पावडर काय करणार, गव्हाण तीच, घड्याळ तेच. वर सांगितलेलं महिनाभर करा, मग फॅट काढा, तरीही अडलं तर डॉक्टरांना विचारून यीस्ट किंवा सोडा देऊन बघू. आणि कोणी म्हणालं म्हणून तोंडातून अँटिबायोटिक पाजू नका, ते पोटातल्या वस्तीवरच घाव घालतं.

हे सगळं मंद दुखण्याचं झालं. एक जलद दुखणं आहे, ते मी स्वतःच्या हाताने करून ठेवलेलं आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे पूजा होती, रात्री बराच भात उरला, टाकायला जीव होईना म्हणून घमेलंभर भात आणि वर थोडा शिरा गाईला घातला, गोग्रास म्हणून, पुण्य पण पदरात. शिजलेला भात कच्च्या दाण्यापेक्षा किती तरी पटापट आंबतो. सकाळी गाय गव्हाणीकडे पाठ करून उभी, कान गार, रवंथ बंद, पोटावर हात दाबला तर हंड्यात पाणी हलावं तसा आवाज, आणि शेणाला आंबट ताकाचा वास. दुपारी बसली ती उठेना. ३० वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो आणि माझ्याच अंगणात. डॉक्टर वेळेवर आले, सलाईन, सोडा सगळं झालं, वाचली. पण महिना-दीड महिन्याने खुरं दुखायला लागली, तापलेल्या कातळावर चालावं तशी पाय उचलून चालायची, पोट आंबलं की त्याची वसुली खुरांत होते ती अशी. तेव्हा गणपतीत, लग्नात, पितृपक्षात उरलेला भात कितीही असला तरी गाईला ओंजळभरच. आणि चुकून कोणी जास्त घातलाच, किंवा गाय सुटून पेंडीच्या पोत्यात शिरली, तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही, रात्रीच फोन करायचा.

राहिली बोंडं. घाला, पण याच हिशोबाने, बोंडात साखर असते आणि साखर पीठापेक्षाही वेगाने आंबते. ताजी, त्याच दिवशी वेचलेली, चारा खाऊन झाल्यावर, पहिल्या दिवशी पाच-सहा, मग आठवड्याभरात वाढवत दोन-तीन किलोपर्यंत. तिकडे ढिगात पडून फसफसलेली, माश्या घोंघावणारी बोंडं खतात टाका, ती खाऊन गाय झिंगते असं लोक हसत सांगतात, मला त्यात हसण्यासारखं कधी दिसलं नाही. फणसाच्या साली पण चालतात, तुकडे करून, तशाच थोड्या थोड्या. आंब्याच्या सालींना हरकत नाही, कोय मात्र अजिबात नको, घशात अडकली की गाय तासाभरात फुगते. सहा बाटल्यांचे आकडे आले की मला कळवा, आणि गावठीला शिंगं आहेत की नाहीत ते पण लिहा, मी पैज लावून बसलोय.